ठाण्याच्या गच्चीवरून चंद्र, ग्रह आणि मृगातला तेजोमेघ

ठाण्यात किंवा नवी मुंबईत नवा कॅमेरा घेतला की पहिल्याच रात्री आकाशगंगा टिपायची घाई होते आणि हाती येतो फक्त धुरकट, पिवळट आकाशाचा तुकडा. यात कॅमेऱ्याचा दोष नसतो. आकाश किती काळं आहे हे सांगणाऱ्या बॉर्टल मोजपट्टीवर १ म्हणजे निखळ अंधार आणि ९ म्हणजे महानगराचा मध्य. आपण ८-९ मध्ये राहतो. इथून आकाशगंगा दिसत नाही, मग फोटोत तरी कुठून येणार? पण चंद्र आणि ग्रहांना दिव्यांच्या उजेडाचा काहीच त्रास होत नाही, कारण ते स्वतःच पुरेसे तेजस्वी असतात. गच्चीवरून त्यांचे जे फोटो निघतात ते माळशेजला जाऊन काढलेल्या फोटोंपेक्षा तसूभरही कमी नसतात. म्हणून सुरुवात इथूनच करावी.

गच्चीची तयारी

शहरातल्या गच्चीवर उजेडापेक्षा मोठा शत्रू असतो स्लॅबची उष्णता. दिवसभर तापलेलं काँक्रीट सूर्यास्तानंतर तीन-चार तास गरम हवा वर सोडत राहतं. त्या हवेतून पाहिलेला गुरू पाण्याखालच्या नाण्यासारखा हलतो. त्यामुळे ग्रहांचं काम रात्री साडेदहा-अकरानंतर सुरू करा. कॅमेऱ्याच्या दिशेला शेजारच्या इमारतीचं छप्पर किंवा एसीच्या बाहेरच्या युनिटांची रांग असेल तर तिच्यावर दिसणारा ग्रह टाळा. तो सरकून मोकळ्या आकाशात आला की मग टिपा.

दुसरी गोष्ट कंपनाची. लिफ्टची मशीन रूम बहुधा गच्चीवरच असते आणि लिफ्ट सुटताना-थांबताना स्लॅबला बसणारा हलका झटका मोठ्या विवर्धनात स्पष्ट दिसतो. पाण्याच्या टाकीचा पंपही तेच करतो. मशीन रूमपासून शक्य तितक्या लांब, कठड्याजवळच्या बीमवर ट्रायपॉड ठेवा. स्लॅबच्या मधोमध तो जास्त हलतो. चायना मोझॅकवर ट्रायपॉडचे पाय घसरतात, तेव्हा प्रत्येक पायाखाली जुन्या टायरचा किंवा योगा मॅटचा हातभर तुकडा टाका. ट्रायपॉडच्या मधल्या दांड्यावर पाण्याची दोन लिटरची बाटली टांगा, पण ती वाऱ्याने झुलू देऊ नका. जमिनीला जेमतेम टेकलेली असू द्या. फोटो चालू असताना कुणीही गच्चीवर येरझाऱ्या घालू नयेत.

सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि वॉचमनला आधीच सांगून ठेवा. अंधारात नळीसारखं काहीतरी घेऊन उभा असलेला माणूस समोरच्या इमारतीतून कसा दिसतो याचा विचार करा. दुर्बिणीचं तोंड कुणाच्या खिडकीकडे कधीही वळू देऊ नका. गच्चीवरचा दिवा बंद करायला परवानगी मिळाली तर उत्तम. टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन थर रबरबँडने बांधा. लाल उजेडात डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही. हिरवा लेझर तारे दाखवायला सोयीचा वाटतो, पण आपल्या डोक्यावरून विमानं उतरत असतात. तो वापरू नका.

चंद्र: दिनदर्शिका काढा

चंद्राच्या फोटोसाठी ॲपची गरज नाही, भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून किती पुढे गेला याचंच माप आहे. १२ अंश झाले की एक तिथी. शुद्ध पंचमी ते दशमी हे फोटोचे उत्तम दिवस, कारण उजेड-अंधाराची सीमारेषा तेव्हा चंद्राच्या मध्यभागातून जाते आणि तिच्यालगतच्या विवरांच्या सावल्या लांब पडतात. अष्टमीच्या सुमारास ॲपेनाइन पर्वतरांग उठून दिसते. नवमी-दशमीला ९३ किलोमीटर व्यासाचं कोपर्निकस विवर पाहावं. पौर्णिमेला सूर्य समोरून असल्यामुळे सावल्याच नसतात आणि चंद्र सपाट थाळीसारखा येतो. टायको विवरापासून निघणारे पांढरे किरण टिपायचे असतील तरच पौर्णिमा निवडा. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, म्हणजे नोकरीवरून आल्यावरही निवांत वेळ मिळतो.

लेन्स किती मोठी हवी? सेन्सरवर चंद्राची प्रतिमा किती मिलिमीटरची पडेल हे काढायला लेन्सच्या फोकल लेंग्थला ११० ने भागा. ३०० मिलिमीटरला २.७ मिलिमीटर. क्रॉप (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरच्या नेहमीच्या कॅमेऱ्यावर ते सुमारे ७०० पिक्सेल होतात. १५० मिलिमीटर आरशाच्या आणि १२०० मिलिमीटर फोकल लेंग्थच्या डॉब्सोनियनवर (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) कॅमेरा थेट लावला, तर प्रतिमा जवळजवळ ११ मिलिमीटरची होते आणि सेन्सर बराचसा भरतो. एक अडचण इथे हमखास येते. काही न्यूटोनियन (आरशाच्या) दुर्बिणींचा फोकस नळीच्या इतका जवळ असतो की डीएसएलआरला तो गाठताच येत नाही. फोकसर पूर्ण आत नेऊनही चित्र धूसर राहतं. अशा वेळी मध्ये बार्लो (प्रतिमा मोठी करणारं जोडभिंग) लावा, बहुतेक वेळा फोकस येतो.

३०० मिलिमीटर लेन्ससाठी सुरुवात अशी करा: एफ/८, आयएसओ २००, अष्टमीला १/१२५ सेकंद, पंचमीला १/६०, पौर्णिमेला १/४००. मॅन्युअल मोड, रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल. कॅमेऱ्याचं स्वयंचलित मोजमाप काळ्या आकाशाला भुलून चंद्र पांढराफटक करतं. लाइव्ह व्ह्यूमध्ये १० पट मोठं करून सीमारेषेवरच्या एखाद्या विवरावर फोकस करा, मग ऑटोफोकस बंद करा आणि फोकसच्या कड्यावर चिकटपट्टी लावा. लेन्सचं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद असावं. आरसा उचलून ठेवायची सोय असेल तर ती वापरा आणि शटर दोन सेकंदांच्या टायमरने सोडा.

एकच फोटो काढून थांबू नका. ५० ते १०० काढा. हवा प्रत्येक क्षणी चित्र थोडं वेगळं वाकवते. त्यातले स्थिर फोटो निवडून एकावर एक रचले की वेडेवाकडेपणा सरासरीत निघून जातो आणि तपशील उरतो. यासाठी ऑटोस्टॅकर्ट हे मोफत सॉफ्टवेअर आहे. उत्तम २५-३० टक्के फोटो ठेवा. मग रेजिस्टॅक्स या सॉफ्टवेअरमधल्या वेव्हलेटच्या (तपशील धारदार करणाऱ्या) पहिल्या दोन पट्ट्या थोड्या सरकवा. चंद्राच्या कडेला पांढरी किनार दिसली किंवा विवरांना काळी रेघ आली, तर तुम्ही फार पुढे गेलात. मागे या. नवशिक्यांचे निम्मे फोटो इथेच बिघडतात.

मोबाइलने काढणार असाल तर

डॉब्सोनियनला २५ मिलिमीटरची आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावा (१२०० मिलिमीटरवर ४८ पट), तिच्यावर मोबाइलचा अडॅप्टर बसवा. मोबाइलची मुख्य १ एक्स लेन्सच आयपीससमोर यायला हवी, वाइड नको, टेली नको. चित्राभोवती काळं वर्तुळ सरकत राहिलं तर लेन्स आयपीसच्या केंद्रावर नाही किंवा फार जवळ-लांब आहे. अडॅप्टरचे स्क्रू एकेक मिलिमीटर हलवून पाहा. चंद्रावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, मग उजेडाची पट्टी खाली ओढा. तीन सेकंदांचा टायमर लावा.

एक सेटिंग आवर्जून बंद करा: दृश्य ओळखून फोटो 'सुधारणारं'. काही मोबाइल चंद्र ओळखला की त्यावर आधीच शिकलेला तपशील चढवतात. तो फोटो सुंदर दिसतो, पण त्यातलं विवर तुमच्या भिंगातून आलेलं नसतं. प्रो मोड आणि रॉ वापरला की हा प्रश्नच उरत नाही.

ग्रह: फोटो नको, व्हिडिओ घ्या

दुर्बीण एसीच्या खोलीत ठेवू नका. थंड आरसा थेट दमट गच्चीवर आणला की त्यावर लगेच वाफ धरते, आणि ती पुसायला गेलात तर मुलामा ओरखडतो. साध्या खोलीत ठेवा, संध्याकाळी साडेसातला गच्चीवर न्या, झाकणं लावूनच पाऊण तास राहू द्या. आरसा हवेच्या तापमानाला आला नाही तर नळीतच गरम हवेचे झोत उठतात आणि कितीही चांगल्या रात्री चित्र उकळत राहतं.

मग कोलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत आहेत का, ते तपासा. डोक्यावरच्या एखाद्या तेजस्वी ताऱ्याचा फोकस मुद्दाम बिघडवा. वडासारखी कडी दिसेल. मधलं भोक बरोबर मध्यावर हवं. एका बाजूला सरकलं असेल तर मुख्य आरशामागचे स्क्रू एका वेळी पाव फेरा फिरवा आणि तारा पुन्हा मध्यभागी आणून पाहा. जिन्यातून दुर्बीण चढवली की कोलिमेशन थोडंफार हलतंच, म्हणून हे दर वेळी.

ग्रहांसाठी छोटा यूएसबी कॅमेरा सर्वांत सोयीचा. दुर्बिणीचा एफ आकडा (फोकल लेंग्थ भागिले आरशाचा व्यास) कॅमेऱ्याच्या पिक्सेलच्या मायक्रॉनमधल्या आकाराच्या तीन ते पाच पट असावा. २.९ मायक्रॉनच्या पिक्सेलला एफ/९ ते एफ/१५. १५० मिलिमीटर, एफ/८ दुर्बिणीला दुप्पट बार्लो लावली की एफ/१६ होतं. थोडं जास्त आहे, पण स्थिर हवेत चालतं. हवा अस्वस्थ असेल तर बार्लो काढून छोटा पण स्वच्छ ग्रह घ्या. फुगवलेल्या धूसर गुरूपेक्षा तो केव्हाही बरा.

डॉब्सोनियनला मोटर नसते, म्हणून ग्रह चौकटीतून सरकत जातो. आकाश सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतं. २४०० मिलिमीटरवर ५.६ मिलिमीटर रुंद सेन्सर ओलांडायला गुरूला साधारण अर्धं मिनिट लागतं. त्याला एका कडेला आणून सोडा, दुसऱ्या कडेपर्यंत रेकॉर्ड करा, पुन्हा आणा. असे तीन-चार तुकडे पुरतात. पीआयपीपी हे मोफत सॉफ्टवेअर ते जोडतं आणि प्रत्येक फ्रेममध्ये ग्रह मध्यभागी आणतं. गुरूचं एकूण रेकॉर्डिंग दोन-तीन मिनिटांत संपवा. तो १० तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्यापेक्षा लांबवलं तर पट्ट्यांतले तपशील पुसट होतात. शनीला पाच मिनिटं दिली तरी चालतात. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ६०-७० टक्क्यांवर ठेवा. पांढरा फुटलेला भाग नंतर परत येत नाही. पुढे ऑटोस्टॅकर्ट आणि वेव्हलेट, चंद्रासारखंच.

रात्र कशी निवडायची? लोक स्वच्छ, चकचकीत आकाशाची वाट पाहतात. ग्रहांना ते लागत नाही. मार्च-एप्रिलमधली धूसर पण वारा पडलेली रात्र पुष्कळदा स्थिर असते, आणि उत्तरेचा गार वारा सुटलेली जानेवारीची लखलखीत रात्र फसवते. डोक्यावरचे तारे पाहा. ते जोरात लुकलुकत असतील तर ग्रहांचा नाद सोडा आणि कमी विवर्धनात चंद्र घ्या. ग्रह क्षितिजापासून ३० अंशांखाली असेल तर हवा त्याचे रंगही फाकवते, एका कडेला निळं, दुसऱ्या कडेला लाल.

शनीची प्रतियुती (ग्रह सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, म्हणून रात्रभर आकाशात) ४ ऑक्टोबर २०२६ ला आहे. मार्च २०२५ मध्ये त्याची कडी पृथ्वीकडे नेमकी काठाने वळलेली होती, म्हणजे बारीक रेघेसारखी. आता ती वर्षागणिक उघडत जातील, म्हणून दर वर्षी एक फोटो त्याच साधनांनी काढून ठेवण्याजोगा आहे. फेब्रुवारी २०२७ मध्ये गुरू आणि मंगळ दोघेही सिंह राशीत आणि प्रतियुतीत असतील, मंगळाची तारीख १९. तेव्हा मध्यरात्री दोघेही ठाण्यात जवळजवळ डोक्यावर येतील. युरोपातल्या हौशी लोकांना ग्रह इतका वर फारसा मिळत नाही.

शहरातून मिळणारा एक तेजोमेघ

तेजोमेघ म्हणजे अवकाशातले वायू-धुळीचे चमकणारे ढग. शहरातून ते जवळजवळ सगळे हातचे जातात. एक मात्र राहतो. मृग नक्षत्रातल्या तिकांड्याखाली (एका रेषेतले तीन तारे), तलवारीसारख्या लोंबणाऱ्या ताऱ्यांत एम ४२ हा तेजोमेघ आहे. जानेवारीच्या मध्याला तो रात्री साडेदहाच्या सुमारास ६५ अंश वर, म्हणजे शहराच्या धुराळ्यावर असतो. फेब्रुवारीच्या मध्याला हीच वेळ साडेआठची होते.

क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आणि ५० मिलिमीटर, एफ/१.८ ची लेन्स पुरे. एफ/२.८ वर आणा, कारण पूर्ण उघड्या लेन्सवर कडेचे तारे पक्ष्यासारखे पंख पसरतात. आयएसओ ८००, एक्सपोजर ३ सेकंद. '५०० चा नियम' (५०० भागिले फोकल लेंग्थ, क्रॉप सेन्सरवर तिची दीडपट) ५० मिलिमीटरला साडेसहा सेकंद सांगतो, पण आजच्या बारीक पिक्सेलवर तेवढ्यात तारे रेघा होतात. ३ सेकंदांचे ४०० फोटो घ्या, म्हणजे २० मिनिटांचा उजेड. दर १० मिनिटांनी तिकांडे पुन्हा चौकटीच्या मध्यावर आणा. फोकससाठी व्याधाचा तारा वापरा. लाइव्ह व्ह्यूमध्ये तो सर्वांत लहान ठिपका होईल तिथे थांबा. कॅमेऱ्यामागे हिस्टोग्रामचा उंचवटा डाव्या कडेपासून पाव ते एकतृतीयांश अंतरावर असावा. उजवीकडे गेला असेल तर शहराचा उजेड जास्त आहे, आयएसओ कमी करा.

मग तेच सेटिंग ठेवून लेन्सला झाकण लावून २५ डार्क फोटो, त्याच रात्री, त्याच गच्चीवर, कारण सेन्सरची नॉइज (चित्रातला दाणेदारपणा), जी या फोटोंनी वजा होते, तापमानाप्रमाणे बदलते. आणि २५ फ्लॅट (एकसारख्या उजेडाचे फोटो): लेन्सवर पांढरा सुती रुमाल ताणून लॅपटॉपचा पांढरा पडदा समोर धरा, फोकसला हात न लावता. फ्लॅट टाळण्याचा मोह होतो. शहरात टाळू नका. आकाश उजळ असल्यामुळे कोपऱ्यातला अंधार आणि सेन्सरवरची धूळ इथे जास्तच उघडी पडते, आणि ती फक्त फ्लॅटनेच जाते. डीपस्कायस्टॅकर हे सॉफ्टवेअर सगळं जोडतं. सिरिल हे दुसरं मोफत सॉफ्टवेअर पार्श्वभूमीतला एका बाजूने चढत जाणारा उजेड काढून टाकतं. शेवटी गुलाबी तेजोमेघ वर येतो तेव्हा हे कष्ट विसरायला होतात.

उजेड अडवणारे फिल्टर घ्यावेत का, असा प्रश्न नेहमी येतो. सोडियमच्या जुन्या पिवळ्या दिव्यांचा उजेड एका अरुंद पट्ट्यात असायचा, तो अडवणं सोपं होतं. आताचे पांढरे एलईडी सगळ्या रंगांत उजेड टाकतात. म्हणून साधे फिल्टर फारसे उपयोगी पडत नाहीत. हायड्रोजनची ६५६ आणि ऑक्सिजनची ५०१ नॅनोमीटरची रेषा तेवढीच सोडणारे फिल्टर तेजोमेघांना खरोखर मदत करतात, पण ते महाग आहेत आणि ताऱ्यांच्या गुच्छांना किंवा दीर्घिकांना निरुपयोगी. ट्रॅकर (आकाशाच्या वेगाने कॅमेरा फिरवणारी मोटर) घेईपर्यंत त्यात पैसे घालू नका.

ट्रॅकर घेतलात तर त्याचा अक्ष ध्रुवाकडे हवा. ठाण्यात ध्रुव उत्तरेला फक्त १९ अंश वर आहे, हात ताणून धरलेल्या दोन मुठींइतका, त्यामुळे घोडबंदर रोडवरच्या टॉवरांमागे तो सहज लपतो. दिशा होकायंत्राने घेता येते, मुंबई परिसरात त्याची उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही. मात्र ते कठड्याच्या लोखंडापासून आणि टाकीपासून लांब धरा, नाहीतर सुई भलतीकडे वळते. उंची मोबाइलमधल्या लेव्हलने १९ अंशांवर बसवा. मिनिटाभराच्या, वाइड लेन्सच्या फोटोला एवढं पुरतं.

आकाशगंगेसाठी बाहेर

धनु राशीकडचा आकाशगंगेचा मध्य आपल्याकडे ४२ अंश वर चढतो. आपल्या अक्षांशाची ही मोठी देणगी आहे, पण पाऊस नेमका तिच्याच ऋतूत येतो. म्हणून मार्चमध्ये पहाटे तीननंतर, एप्रिलमध्ये मध्यरात्रीनंतर आणि मेच्या पूर्वार्धात अकरानंतर. अमावास्येच्या आधी-नंतरचे चार-पाच दिवस. मुरबाडच्या पुढे माळशेजच्या बाजूला किंवा जव्हारकडे आकाश बरंच काळं होतं, पण पश्चिमेला मुंबईचा उजेड असतोच. दक्षिण-आग्नेय मोकळी दिसेल अशी जागा निवडा. एकट्याने जाऊ नका, घाटात रस्त्याच्या कडेला थांबू नका, गावातल्या कुणाची तरी परवानगी घेऊन त्यांच्या शेतात किंवा अंगणात बसा. येऊरला रात्री जायचा विचारही नको, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे बिबटे आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी वांगणीला होणारा खगोल मंडळाचा रात्रभराचा आकाशदर्शनाचा कार्यक्रम गाठावा. नक्षत्रांची ओळख तिथे एका रात्रीत होते.

१८ मिलिमीटर, एफ/२.८ किंवा ३.५, १२ सेकंद, आयएसओ ३२००. गावाकडे थंडीत दव पडतं, लेन्सभोवती पाच व्होल्टची हीटर पट्टी गुंडाळा आणि पॉवरबँकला जोडा. पट्टी नसेल तर लांब हूड लावा आणि दर वीस मिनिटांनी लेन्स टॉर्चने तपासा. दव पडलेली लेन्स पुसू नका, ऊब द्या.

पावसाळ्याचे चार महिने

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आकाश मिळत नाही आणि याच काळात लेन्स जातात. खाडीकाठच्या दमट हवेत बंद पिशवीत ठेवलेल्या भिंगावर बुरशी धरते, आणि ती काचेवरचा मुलामा खाते. कापडी बॅगेतून सगळं काढा, स्वयंपाकघरातला रबरी कडीचा हवाबंद डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांत हवा. ६० च्या वर गेला की जेल बदला. रंग बदलणारं जेल घेतलं तर ते तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं. हा तवा मग जेवणासाठी नको. फार कोरडंही करू नका, ३० च्या खाली लेन्समधलं वंगण आणि रबर सुकतं. पंधरा दिवसांनी एकदा लेन्स बाहेर काढून कडी फिरवा.

ऑक्टोबरमध्ये डबा उघडाल तेव्हा लेन्स पूर्ण उघडी ठेवून मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. बाहेरच्या काचेवर असेल तर लेन्स क्लीनरने हलक्या हाताने निघते. आतल्या काचेवर असेल तर स्वतः लेन्स उघडू नका, दुरुस्तीवाल्याकडे द्या आणि तोवर ती बाकीच्या लेन्सपासून वेगळी ठेवा.